गंगाराम पारखी आणि घरी सांगण्याची अट

गंगाराम पारख्याने शिवा कोष्ट्याला फूस लावून ख्रिस्ती केले, की शिवा आपल्या समजुतीने त्या धर्मात गेला? हा प्रश्न अमरावतीत अद्याप विचारला जातो. कोष्टी आळीत विचाराल तर पहिले उत्तर मिळेल, पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर विचाराल तर दुसरे. दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगतात. मात्र त्यांतल्या बहुतेकांनी त्या दोघांना एकत्र बोलताना कधी पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. त्या काळी मी अमरावतीच्या मराठी शाळेत पंतोजी होतो. मी ख्रिस्ती नाही व होण्याचा विचारही नाही, म्हणून कोणाची बाजू राखण्याचे मला कारण नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते एका बाजूस आणि जे केवळ ऐकले ते दुसऱ्या बाजूस, असे निराळे ठेवून सांगतो.

पारखी म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या बोंडांना एकाएकी मान चढला. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागे ती गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत. तेजीबरोबर लबाडीही आली. पोत्याच्या तोंडाशी शुभ्र रुई, मध्ये पाणी मारलेली आणि तळाशी सरकी व माती, अशी भरणी होऊ लागली. ही भरणी ओळखणारा माणूस तो पारखी. त्याच्या एका शब्दावर गाडी रिकामी होई किंवा परत फिरे.

गंगाराम हा त्यांतला पहिल्या प्रतीचा. उंच, जरा वाकलेला, बोलण्यापूर्वी ओठ मिटून थांबणारा. त्याच्या अंगरख्याची डावी बाही खांद्यापर्यंत वर सारलेली असे. वरची रुई तो पाहतही नसे. हात बगलेपर्यंत पोत्यात घाली, मधली मूठ काढी, चिमटीत धरून हलके ओढी आणि तुटताना होणारा आवाज कानाशी नेऊन ऐके. मग एकच शब्द बोले, "कोरडी" किंवा "वली", म्हणजे ओली. विकणारा वरची रुई दाखवू लागला की म्हणे, "थे राहू दे बाप्पा. थे तू माह्यासाठी ठेवलं. मले तुह्यासाठी ठेवलेलं पायजे."

हे त्याचे वाक्य बाजारात सर्वतोमुखी झाले होते. पुढे माणसांशी बोलतानाही तो तेच करी, म्हणून येथे नोंदवले.

त्याला देवाचे बोलावणे कसे आले, हे त्याने मला शाळेच्या पायऱ्यांवर बसून सांगितले. मी विचारले होते, "आकाशवाणी झाली काय?" माझ्या स्वरात थोडी थट्टा होती, हे कबूल करतो. तो रागावला नाही.

"आवाज-बिवाज काही नाई, पंतोजी. एका दलालानं सकाळीच सांगून ठेवलं होतं का आज माह्या गाड्या पास करजो. म्या हो म्हटलं. पोत्यात हात घातला. आत निरी वली. आता 'कोरडी' म्हनाले तोंड उघडलं, अन् शब्द बाहिर येईना. दोनदा उघडलं. तिसऱ्यांदा तोंडातून निघालं 'वली'. दलालानं शिव्या घातल्या. मले वाटलं, हे माह्या अंगातलं नाई. माह्यात एवढी ताकद कुठची?"

त्याच आठवड्यात बाजारात एक फिरता पुस्तकविक्या येशूचे चरित्र वाचून दाखवत होता. येशूने एका मुक्या माणसाची वाचा उघडल्याचा प्रसंग चालला होता. गंगारामाने तो उभ्याने ऐकला आणि तेथून घरी गेला नाही. पाद्रीसाहेबांकडे गेला, तेथून दक्षिणेकडील एका मोठ्या शहरात शिकण्यास गेला, तेथेच बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांनी उपदेशक होऊन अमरावतीस परतला. आपणांस देवाने इतरांना बोलावून आणण्यासाठी बोलावले आहे, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

या हकीकतीत त्याच्या पत्नीचा उल्लेख नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही. यावे असे होते.

उपदेशक या नात्याने तो फार गोड बोले असे नाही. बाजारात उभा राहिला की पोरे सरकी मारीत. तो अंगावरची सरकी झाडून म्हणे, "हे पेराले ठेवा, उन्हाळ्यात कामी येईन." कौंडण्यपूरच्या जत्रेत वर्धेच्या काठी एका म्हाताऱ्याने त्याला अडवले. मी त्या वेळी शाळेच्या सुटीत जत्रेस गेलो होतो व जवळच उभा होतो.

म्हातारा म्हणाला, "काहून रे, रुक्मिणीच्या माहेरात येऊन आमाले दुसरा देव शिकवतं? आमच्या मायले काय कमी हाय?"

"कमी हाय असं म्या कदी म्हटलं, बुवा? तुमी तुमच्या मायचं सांगता तसं म्या माह्या धन्याचं सांगून राहिलो. ऐकाचं असन तर बसा. नाई तर ऊन लय हाय, सावलीत व्हा."

म्हातारा सावलीत गेला. पण ऐकू येईल इतक्याच अंतरावर बसला.

आता त्याच्या अटीविषयी. तेजीच्या दिवसांत पाद्रीसाहेबांच्या ओळखीने रुईचे गठ्ठे दाबून बांधण्याच्या दाबखान्यात काम मिळते, अशी अफवा उठली होती. त्यामुळे बाप्तिस्मा मागणारे येऊ लागले. गंगाराम प्रत्येकाला एकच सांगे: "आज घरी जाय. बायको, माय, जे कोनी चुलीपाशी असन त्याले, सूर्य वर असताना, आपल्या तोंडानं सांग का मी असं असं कराले चाललो. मंग ये." इतर काही प्रश्न नाही. दर्यापूरकडच्या एका तगड्या गड्याने चिडून विचारले, "मी तुमच्या देवाले मानतो म्हणून राहिलो, अन् तुमी मले बायकोकडं धाडता?" गंगाराम म्हणाला, "थे वरचं झालं. आतलं तिले सांगताना समजते." तो गडी परत आला नाही. असे बरेच जण परत आले नाहीत. पाद्रीसाहेबांना हे आवडत नसे. त्यांना वरिष्ठांना कळवावयाचे असे, आणि कळवण्याजोगे फारसे काही होत नसे.

शिवा मात्र परत आला.

शिवा तिशीच्या आतला, बारीक अंगाचा, कामात चोख विणकर. रुई बाहेर जाऊ लागल्यापासून सूत मिळेनासे झाले व त्याचा माग आठवड्यातून चार दिवस उभा राही. मोकळ्या दिवशी तो बाजारात गंगारामाचे बोलणे ऐके. दाबखान्यातले काम त्याला एकदा देऊ केले होते. ते त्याने नाकारले, हे मला ठाऊक आहे, कारण नकाराची चिठ्ठी त्याने माझ्याकडून लिहवून घेतली. वर्षभर ऐकल्यावर त्याने बाप्तिस्मा मागितला. गंगारामाने अट सांगितली. दुसऱ्या दिवशी शिवा आला व म्हणाला, "सांगितलं."

येथे चूक झाली. शिवाने सांगितले ते पंचांना. कोष्ट्यांच्या रीतीत लग्न, काडीमोड, नवा माग, कोणतीही मोठी गोष्ट आधी पंचांच्या ओट्यावर जाते. बायकांना ती मागाहून कळते. शिवाच्या मनात लबाडी नव्हती. एवढी मोठी गोष्ट प्रथम बायकोला सांगावी, हे त्याच्या बापाने वा आजाने कधी केलेच नव्हते. गंगाराम "चुलीपाशी असन त्याले" म्हणाला होता खरा, परंतु शिवाने आपल्या आळीच्या वळणाने जाऊन अधिक कठीण असे काम आधी उरकले. आणि गंगारामाने, जो कधी वरच्या रुईवर विसंबला नाही, त्याने "कोनाले?" असे विचारले नाही.

पंचांनी निकाल दिला. येत्या सोमवारपर्यंत प्रायश्चित्त घ्यावे. न घेतल्यास विस्तव-पाणी बंद. म्हणजे शेजारणीने चुलीसाठी निखारा द्यावयाचा नाही, आळीच्या विहिरीवर घागर लावावयाची नाही, आणि घरात मयत झाले तरी खांदा मिळावयाचा नाही. पाद्रीसाहेबांनी हे ऐकून ठरवले, की सोमवारच्या आधीच्या रविवारी गावाबाहेरच्या ओढ्यात बाप्तिस्मा उरकावा, म्हणजे शिवा डगमगणार नाही.

शिवाची पत्नी भीमा हिला हे सर्व विहिरीवर कळले. एका बाईने तिची घागर बाजूस सारून म्हटले, "आता तुमी गोऱ्या सायबाच्या इहिरीवर जा वं."

मंगळवारी सकाळी शाळा भरण्याच्या वेळेस ती शाळेच्या ओसरीशी आली. गंगाराम तेथे माझ्याजवळ बसून आपल्या पुस्तकातील एका कठीण शब्दाचा अर्थ विचारत होता. भीमा वयाने लहान, पण पदर खोचून उभी राहिली तेव्हा आम्ही दोघे उठून उभे राहिलो.

"पारखीबुवा तुमीच ना?"

"हो, बाई."

"माह्या नवऱ्याले तुमी म्हटलं म्हनते, घरी सांगून ये."

"म्हटलं होतं."

"मले तं इहिरीवर समजलं. हातात घागर होती. पोर कडेवर होतं."

गंगारामाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बाई, त्यानं तुले सांगितलं असंच मी समजलो. चुकलं त्याचं."

"त्याचं राहू द्या. त्याले मी घरी पाहीन." ती एक पायरी वर चढली. "मले तुमचं सांगा. तुमची बायको अकोल्याले माहेरी बसून हाय, हे साऱ्या बाजाराले ठावं हाय. तिले तुमी सांगितलं होतं काय? सूर्य वर असताना? आपल्या तोंडानं?"

शाळेत मुले पाढे म्हणत होती. गंगारामाने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. शेवटी म्हणाला, "नाई."

"मंग तिले कोनं सांगितलं?"

"बाजारातला एक गाडीवान घरी गेला होता. त्यानं."

"बरं झालं," भीमा म्हणाली. "म्हनजे तिचं अन् माह्यं सारखंच. तुमच्या देवानं तुमाले बोलावलं, माह्या नवऱ्याले बोलावलं. आमाले बोलवाले त्याले गाडीवान अन् इहिरीवरच्या बाया भेटल्या काय?"

हे बोलून ती रडली नाही. तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतले व जाता जाता सांगितले, की गंगारामाने आधी आपल्या घरी सांगून यावे. तोवर शिवा त्या ओढ्यावर बाप्तिस्म्यास गेला, तर ती पोर घेऊन माहेरी जाईल व पुन्हा येणार नाही.

यानंतरचे तीन दिवस मी त्याला जवळून पाहिले, आणि इतका हैराण माणूस मी क्वचित पाहिला आहे. पेच असा होता. अकोला अमरावतीहून बैलगाडीने तीन मुक्काम. जाऊन येण्यास आठवडा लागणार. गेला तर रविवार चुकला आणि सोमवारी शिवा पंचांपुढे एकटा. तो मोडून प्रायश्चित्त घेईल, तर ज्या एका माणसासाठी आपणांस बोलावले होते तो हातचा गेला. न गेला तर ज्या मार्गाने त्याचे स्वतःचे घर उजाड झाले, त्याच मार्गाने शिवाचे होणार.

पाद्रीसाहेबांनी त्याला बोलावून घेतले. मी शाळेच्या कामाने बंगल्यावर गेलो होतो व ओट्यावर थांबलो होतो, म्हणून ऐकले. साहेब मराठी शुद्ध बोलत. ते म्हणाले, "गंगाराम, एका स्त्रीच्या रागासाठी तू प्रभूचे काम टाकून जातोस? रविवारी तू येथे नसलास, तर पुन्हा उपदेशक म्हणून येऊ नकोस."

गंगाराम म्हणाला, "साहेब, माह्या मधल्या मुठीत वली रुई निघाली. आता मी कोन्त्या तोंडानं दुसऱ्याचं पोतं पाहू?"

साहेबांना हे कितपत समजले, मला सांगता येत नाही. त्यांनी दार लावून घेतले.

योगायोगाने माझी बदली त्याच आठवड्यात अकोल्याच्या शाळेवर झाली होती. नकाशे, फळा व पुस्तकांच्या पेट्या घेऊन माझी गाडी शुक्रवारी निघावयाची होती. गंगारामाने विचारले, "मागं बसू काय?" मी होकार दिला. निघताना शिवा वेशीपर्यंत आला होता. त्याचे डोळे लाल होते.

"तुमी चालले, भाऊ. अन् सोमवारी मी एकटाच काय?"

"एकटा कसा? घरी बाई हाय ना?"

"थे बोलत नाई माह्याशी."

"तू बोल. ऐकते थे. मले तं तिनं चांगलं ऐकवलं." शिवाला त्याही स्थितीत हसू आले. गंगाराम गाडीत चढता चढता पुन्हा म्हणाला, "पंचाले भेव नको. खोटं नको बोलू, एवढंच. अन् जे ठरवशीन थे तिले आधी सांगजो."

वाटेत तीन दिवस तो पेट्यांना टेकून बसला. समोरून रुईच्या गाड्या येत. वाऱ्याने उडालेला कापूस बाभळींना लागून राहिलेला असे. एका मुक्कामावर तो म्हणाला, "पंतोजी, मले भेव वाटून राहिलं." मी विचारले, "कशाचे? मेहुण्याचे?" तो म्हणाला, "नाई. ती काहीच बोलली नाई तर."

सोमवारी दुपारी आम्ही अकोल्यास पोहोचलो. त्याच वेळी अमरावतीत पंच बसले असतील, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.  त्याची सासुरवाडी नदीच्या अलीकडे होती. त्याने मला बरोबर येण्याची विनंती केली, "तुमी फाटकापाशीच थांबा, पन दिसा," म्हणून. मी थांबलो.

अंगणात त्याचा मेहुणा नारायण बैलांना वैरण घालत होता. गंगारामाला पाहताच त्याने बैल हाकण्याची पराणी उचलली.

"काहून आला बे इथं? पाय नको ठेवजो अंगनात!"

"नाई ठेवत. मी इथूनच बोलतो. सगुणाले बोलाव."

"मेली सगुणा तुह्यासाठी!"

तेवढ्यात ती दारात आली. तिशीची, कोरड्या चेहऱ्याची बाई. हाताला पीठ लागलेले. तिने भावाला मागे सरण्यास सांगितले, परंतु त्याने पराणी खाली ठेवली नाही. गंगारामाने डोक्याचे मुंडासे काढून हातात घेतले आणि उन्हात उभा राहून बोलू लागला. पोत्यातल्या ओल्या रुईपासून सुरुवात केली. काही वगळले नाही. येशूविषयी सांगितले, शिकण्यास गेल्याचे सांगितले, बाप्तिस्म्याचा दिवस सांगितला. मग म्हणाला, "हे सारं त्याच टायमाले येऊन तुले सांगाचं होतं. तू नाई म्हनशीन म्हणून नाई सांगितलं. देवानं बोलावलं होतं थे खरं हाय. पन तुले न सांगता जा, असं त्यानं म्हटलं नव्हतं. थे माह्यं होतं."

 नारायणाची मूठ पराणीवर आवळलेली मला दिसत होती.

सगुणा म्हणाली, "झालं सांगून?"

"झालं."

"मी काही येत नाई तुमच्यासंगं. अन् तुमच्या देवाकडंही येत नाई."

"मी न्यायाले आलो नाई. सांगाले आलो."

ती आत गेली. मला वाटले, संपले. परंतु ती तांब्या घेऊन बाहेर आली, अंगण ओलांडून फाटकापर्यंत चालत आली आणि म्हणाली, "हात पुढं करा." त्याने ओंजळ केली. तिने तांब्या उंच धरून, ओंजळीला स्पर्श होणार नाही अशा बेताने, धार सोडली. बाटलेल्या माणसाला पाणी देण्याची रीत तीच आहे. तो वाकून प्याला. तांब्या रिकामा होईपर्यंत ती ओतत राहिली, आणि तो पीत राहिला. "उन्हाचे आले तुमी," एवढेच ती म्हणाली. मग त्याने मुंडासे बांधले, मला हात जोडले आणि न विसावता अमरावतीच्या वाटेला लागला. ओल्या मिशाही त्याने पुसल्या नाहीत. यानंतर मी त्याला पाहिले नाही.

पुढचे सर्व ऐकीव आहे. सोमवारी शिवाने पंचांपुढे प्रायश्चित्त नाकारले आणि बाप्तिस्माही अद्याप घेतला नाही असे सांगितले. विस्तव-पाणी बंद झाले. भीमा माहेरी गेली नाही. आठ दिवस तिने गारगोटीने चूल पेटवली. गंगाराम परत येऊन कोष्टी आळीच्या तोंडाशी उभा राहिला व अकोल्यास काय घडले ते त्याने तिला जसेच्या तसे सांगितले. मग ती शिवास म्हणाली, "आता तू बस, अन् पयल्यापासून सांग." पावसाळा सरल्यावर शिवाचा बाप्तिस्मा झाला. भीमाने घेतला नाही. तो ओढ्यात उतरला तेव्हा ती काठावर त्याचे कोरडे धोतर घेऊन उभी होती. गंगारामाला उपदेशकाचे काम परत मिळाले नाही. तो बिनपगारी, पायी, गावोगाव सांगत फिरला, आणि दर्यापूरकडे कोठेतरी तापाने वारला.

माझे उत्तर असे आहे. गंगारामाने शिवाला फूस लावली नाही. तशी लावावयाची असती, तर त्या शुक्रवारी तो माझ्या गाडीत बसला नसता. परंतु मी अर्धेच पाहिले आहे, आणि तेही त्याच्या बाजूस उभे राहून. भीमाबाई आजही कोष्टी आळीत राहते व विचारणाऱ्याला उत्तर देते. सगुणाबाई अकोल्यास भावाच्या घरी आहे. वाचकांनी माझ्या शब्दावर न थांबता त्या दोघींकडे जावे, विचारावे, आणि माझे कोठे चुकले असल्यास मला कळवावे.